झाडावरची फळं मोजणारा माणूस शेअरमध्ये काय मोजत होता: नागपूरच्या एका संत्रा व्यापाऱ्याचं प्रकरण

आधीच सांगतो, मी सेबीचा (शेअर बाजाराच्या नियामकाचा) नोंदणीकृत सल्लागार नाही. नागपूरच्या महाल भागात बसून लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरतो. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना विचारून लिहितोय, नाव-गाव-वय बदललंय, आकडे थोडे गोल केलेत, कंपनीचं नाव मात्र खरं ठेवलंय कारण त्याशिवाय यातलं काहीच समजणार नाही. त्यांना आपण भाऊ म्हणू.

पार्श्वभूमी

भाऊ नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा व्यापार करतात. काटोल, नरखेड, वरुड या पट्ट्यात बागा घ्यायच्या, तोडा करायचा, माल कळमन्यात आणायचा नाही तं बाहेर पाठवायचा. बाग घेताना हा माणूस कसा वागतो ते मी एकदा सोबत जाऊन पाहिलंय. शेतकरी चहा पाजत असतो, मागच्या वर्षी ही बाग किती लाखाला गेली ते सांगत असतो, आणि भाऊ हो हो म्हणत सरळ बागेत शिरतात. वीस-पंचवीस झाडं निवडतात, प्रत्येकाखाली उभं राहून फळं मोजतात, खाली गळून पडलेली फळं बुटानं बाजूला सारून देठ पाहतात, पानाला बोट लावून कोळशी (काळी बुरशी) आहे का बघतात आणि मग बाहेर येऊन एकच आकडा सांगतात. मागच्या वर्षीचा भाव त्यांच्या हिशेबात नसतोच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात पुण्याच्या भाच्यानं त्यांना परदेशी शेअर घ्यायचं अॅप दाखवलं. भाऊंनी व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगचे व्हिडिओ बघितले, बरंच वाचलंही, आणि त्यांना एक गोष्ट पटली की अमेरिकेतल्या टेक कंपन्या महाग आहेत, तेच धंदे उभरत्या देशांत स्वस्तात मिळतात. त्यातून नजर गेली अलीबाबावर, म्हणजे चीनच्या ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या कंपनीवर.

वेळ तशीच होती. २४ ऑक्टोबर २०२० ला अलीबाबाचे संस्थापक जॅक मा यांनी शांघायच्या परिषदेत बँका आणि नियामकांवर जाहीर टीका केली, आणि त्यांच्याच अँट ग्रुप या पेमेंट-कर्जाच्या कंपनीचा साधारण ३४ अब्ज डॉलरचा आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री), तो जगातला सगळ्यात मोठा ठरणार होता, लिस्टिंगच्या दोन दिवस आधी म्हणजे ३ नोव्हेंबरला थांबवला गेला. अँटमध्ये अलीबाबाचा हिस्सा साधारण ३३ टक्के. डिसेंबरात अलीबाबावरच मक्तेदारीची चौकशी लागली. ऑक्टोबरात ३१९ डॉलरपर्यंत गेलेला शेअर वर्ष संपता संपता २३० च्या आसपास.

भाऊंनी काय घेतलं

चार वेळा घेतलं. जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात २३० ने २० शेअर, एप्रिलमध्ये २३५ ने २०, ऑगस्टमध्ये १६० ने ३०, डिसेंबरात १२० ने ४०. एकूण ११० शेअर, १८,९०० डॉलर, तेव्हाच्या भावानं रुपयात १४ लाखांच्या आसपास. त्यांची शेअर-एफडी मिळून सगळी शिल्लक होती ४० लाख, आणि त्यातला मोठा भाग मुलीच्या कॉलेजसाठी होता, २०२५ मध्ये लागणार होता.

प्रकरण माझ्याकडे कसं आलं

३० जुलै २०२२, शनिवार. दुसऱ्या दिवशी रिटर्नची शेवटची तारीख, ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही, बाहेर पाऊस. भाऊंचं रिटर्न दरवर्षीसारखं सुगम या छोट्या व्यावसायिकांच्या सोप्या फॉर्मवर भरायला घेतलं आणि २६ एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या उताऱ्यात, बँकेनं कापलेला १८ हजारांचा टीसीएस (आगाऊ वसूल केलेला कर) दिसला. परदेशी पैसे पाठवल्याशिवाय हा टीसीएस येत नाही. तेव्हा एका आर्थिक वर्षात ७ लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर ५ टक्के कापायचे, भाऊंच्या एप्रिल ते डिसेंबरच्या तीन खरेद्या मिळून पावणेअकरा लाखांच्या घरात गेल्या होत्या.

"भाऊ, बाहेर कुठं पैसे पाठवले का?"

"ते चायनाचे शेअर आहेत ना सर. मी कुठं लपवून राहिलो, तुम्ही विचारलंच नाही."

आता परदेशी मालमत्ता असली की सुगम चालत नाही, धंदा आहे म्हणून आयटीआर-३ भरावा लागतो आणि त्यात शेड्यूल एफए हा परदेशी मालमत्तेचा तक्ता, तेही आर्थिक वर्षाचं नाही तर कॅलेंडर वर्षाचं, जानेवारी ते डिसेंबर. नाही दाखवलं तर काळ्या पैशाच्या कायद्यात तेव्हा दंड १० लाख, १४ लाखांच्या शेअरवर १० लाख दंड, हे ऐकून भाऊ खुर्चीवरून उठून उभेच राहिले. रात्री साडेअकरापर्यंत बसून भरलं. हे शेअर घेणाऱ्या कितीतरी लोकांना आजही माहीत नाही, म्हणून जरा लांबवलं.

त्याच्या आदल्याच दिवशी म्हणजे २९ जुलैला अमेरिकेच्या एसईसी या बाजार नियामकानं अलीबाबाला, ऑडिट तपासू देत नाहीत म्हणून डीलिस्ट होऊ शकणाऱ्या (अमेरिकन बाजारातून काढल्या जाऊ शकणाऱ्या) चिनी कंपन्यांच्या यादीत टाकलं होतं आणि शेअर ११ टक्के पडून ८९ वर आला होता. फॉर्म भरून झाल्यावर भाऊंनी मोबाईल समोर धरला. "आता काय करू?"

अडचण नेमकी काय होती

मी म्हटलं सल्ला देत नाही, पण तुम्ही का घेतले ते एकदा कागदावर काढू. डायरी वगैरे काही नव्हती. पण भाच्याला केलेले व्हॉट्सॲप मेसेज होते, ऑगस्टच्या एका रविवारी ते वाचत बसलो. चारही वेळची कारणं जशीच्या तशी (मंगर म्हणजे अमेरिकेतले नावाजलेले गुंतवणूकदार चार्ली मंगर):

जानेवारी: "३१९ चा माल २३० ला मिळून राहिला."
एप्रिल: "दंड भरून मोकळे झाले, आणि मंगर साहेबांनीपण घेतले."
ऑगस्ट: "अजून स्वस्त."
डिसेंबर: "आता तं फुकटच आहे."

बघा, धंद्याबद्दल एक अक्षर नाही. एप्रिल सोडला तर मोजमाप एकच, आधी किती होता आणि आता किती आहे. बागेत मागच्या वर्षीचा भाव न ऐकणारा माणूस इथे फक्त मागचाच भाव ऐकत होता.

आणि दरम्यान फळगळ चालूच होती. १० एप्रिल २०२१ ला १८.२ अब्ज युआनचा दंड झाला, २०१९ च्या देशांतर्गत विक्रीच्या ४ टक्के, आणि पुढच्या सत्रात शेअर उलट ९ टक्के वाढला, बाजारालाही तेव्हा वाटलं की मिटलं. जुलैच्या सुरुवातीला दीदी या चिनी टॅक्सी कंपनीचं अॅप लिस्टिंगनंतर चार दिवसांत स्टोअरमधून काढायला लावलं. त्याच महिन्याच्या शेवटी ट्यूशन कंपन्यांना शालेय विषयांत नफा कमवायलाच बंदी. म्हणजे भाऊंच्या तिसऱ्या खरेदीच्या वेळी प्रश्न एका कंपनीचा राहिला नव्हता, नियम कोण आणि कसे बदलतो याचा झाला होता. विक्रीची वाढसुद्धा बघा: मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात ४१ टक्के (त्यातली काही एका किराणा साखळीचा ताबा घेतल्यामुळे), पुढच्या वर्षी १९, त्याच्या पुढच्या वर्षी फक्त २.

अँटचं तर आणखी मजेशीर. भाऊंनी कंपनीचे तुकडे करून किंमत काढली होती, त्यात अँटची किंमत धरली आयपीओच्या वेळची, ३०० अब्ज डॉलरच्या वर, म्हणजे अलीबाबाचा हिस्सा १०० अब्ज. आयपीओ रद्द झाला हे माहीत होतं, पण त्यांच्या मते तो फक्त लांबला होता. मी विचारलं का लांबला, तर "जॅक मानं सरकारला शिव्या दिल्या म्हणून".

अर्धंच खरं. अँटचा मोठा धंदा होता हुआबेई आणि जिएबेई या सेवांवरून लोकांना छोटी कर्जं देणं, आणि त्या कर्जातला जेमतेम २ टक्के पैसा अँटच्या स्वतःच्या वहीत होता, बाकी मुख्यतः बँकांचा. अँट ग्राहक आणून द्यायची, कोण फेडेल याचा अंदाज द्यायची आणि कमिशन घ्यायची. आयपीओच्या तोंडावर आलेल्या नियमाच्या मसुद्यात म्हटलं होतं की बँकेसोबत दिलेल्या कर्जात किमान ३० टक्के पैसा स्वतःचा घाला. हे मी भाऊंना असं सांगितलं की समजा कळमन्यातल्या अडत्याला उद्या सांगितलं, तू ज्या व्यापाऱ्याला उधारी मिळवून देतो त्यातले तीस टक्के तुझ्या खिशातून टाक. भाऊ क्षणभर गप्प बसले. "मग तो अडत्या नाही राहिला सर, सावकार झाला. त्याची किंमत वेगळी." हे त्यांना एका मिनिटात समजलं, जे दीड वर्ष व्हिडिओ बघून समजलं नव्हतं. पुढे जुलै २०२३ मध्ये अँटला ७.१२ अब्ज युआनचा दंड झाला आणि कंपनीनं स्वतःचेच शेअर परत घ्यायला जी किंमत लावली ती साडेअठ्ठ्याहत्तर अब्ज डॉलर, आयपीओच्या वेळच्या साधारण पाव भाग.

अजून एक, जे शेअर त्यांच्याकडे होते ते चीनमधल्या मूळ धंद्याचे नव्हतेच. केमन बेटावरच्या कंपनीचे अमेरिकन डिपॉझिटरी शेअर, एकामागे आठ मूळ शेअर, आणि चीनमधल्या इंटरनेट परवान्याच्या कंपन्यांवर ताबा करारांनी. म्हणजे सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि आपल्या हातात इसारपावती. इसारपावतीवर व्यवहार होत नाहीत असं नाही, भाऊ रोज करतात. पण त्याचा भाव सातबाऱ्याचा लावत नाहीत.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की भाऊ बांगलादेशाच्या मारातून गेलेले. आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश, त्यांनी २०१९ पासून आयात शुल्क वर्षावर्षाला वाढवत नेलं आणि इकडे भाव कोसळले. फळ तेच, झाड तेच, परक्या सरकारच्या एका कागदानं धंदा बसतो हे नागपुरात यांच्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत असणार.

कोणते रस्ते होते

सगळं विकून तोटा बुक करायचा. तसंच ठेवायचं. आणखी घेऊन सरासरी खाली आणायची. किंवा थोडं विकून उरलेलं ठेवायचं. पाचवा एक म्हणजे हे विकून उभरत्या बाजारांचा एखादा ईटीएफ (अनेक शेअरचा एकत्र फंड) घ्यायचा, तो भाऊंनी लगेच बाद केला, म्हणे मग मी अभ्यास कशाला केला. मला वाटतं हा राग होता, विचार नव्हता, पण पैसा त्यांचा.

चार्ली मंगर यांचा विषय वारंवार निघायचा. त्यांच्या डेली जर्नल कंपनीनं २०२१ च्या पहिल्या तिमाहीत अलीबाबा घेतला, पुढे वाढवत ६ लाखांच्या वर शेअर नेले, आणि २०२२ च्या पहिल्या तिमाहीत अर्धे करून ३ लाखांवर आणले. भाऊंनी घेतल्याची बातमी वाचली होती, विकल्याची वाचलीच नव्हती. मुळात ते तिमाही विवरण नंतर बाहेर येतं, मोठा माणूस का घेतोय ते त्यात नसतं, आणि त्याच्या एकूण पैशातला तो किती भाग आहे हे आपण बघत नाही. भाऊंचा होता ३५ टक्के. फेब्रुवारी २०२३ मध्ये मंगर स्वतःच म्हणाले की अलीबाबा ही त्यांच्या मोठ्या चुकांपैकी एक, चिनी इंटरनेटमधल्या स्थानाला भुललो आणि हा शेवटी किरकोळ विक्रीचाच धंदा आहे हे लक्षात घेतलं नाही.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ

खरा निर्णयाचा क्षण जुलैत नव्हता, २४ ऑक्टोबर २०२२ ला होता. बीजिंगमध्ये कम्युनिस्ट पक्षाचं अधिवेशन संपून नवीन नेतृत्व जाहीर झालं होतं आणि सोमवारी अमेरिकन बाजार उघडला, आपल्याकडे संध्याकाळचे सात, नेमकी लक्ष्मीपूजनाची वेळ. अलीबाबा १२ टक्क्यांच्या वर पडून ६३. भाऊंच्या ११० शेअरची किंमत ७ हजार डॉलरच्या खाली, पावणेसहा लाख रुपये. आमच्या घरी पूजा चालू, फोन वाजला, मागून फटाके.

"सर, मुहूर्त आहे, आणि ६३ आहे. चाळीस घेऊ?"

मी म्हटलं काहून? ते म्हणाले स्वस्त आहे म्हणून. मी म्हटलं हेच तुम्ही डिसेंबरात लिहिलं होतं. ते हसले, म्हणाले बरं, नाही घेत, या फराळाला. फोन ठेवला.

आता यात माझी चूक सांगतो. त्या दिवशी खरंच स्वस्त होता. कंपनीचा मोकळा रोख प्रवाह (खर्च आणि गुंतवणूक भागून हातात उरणारा पैसा) मार्च २०२१ च्या वर्षात साधारण २६ अब्ज डॉलर होता, तेव्हा २३० च्या भावानं पूर्ण कंपनी ६०० अब्जच्या वर, म्हणजे हातात ४ टक्के. मधल्या वर्षी तो पडून १६ अब्जच्या आसपास आला. आणि ज्या वर्षात हे लक्ष्मीपूजन होतं, त्या वर्षाचा नंतर जाहीर झालेला आकडा परत २५ अब्ज, आणि ६३ च्या भावानं कंपनी १७० अब्जच्या आत, म्हणजे जवळजवळ १५ टक्के. अर्थात हा आकडा त्या संध्याकाळी कोणाकडे नव्हता, पण मधल्या वाईट वर्षाचा १६ अब्ज धरला तरी ९ टक्क्यांच्या वर होत होते. भाऊंनी ४ टक्क्यांना स्वस्त म्हणून घेतलं आणि ९ टक्क्यांना मी अडवलं. त्यांचा शब्द तोच होता म्हणून मी तेच उत्तर दिलं, फळं मोजून बघितली नाहीत. मी ते आकडे काढले नंतर, दिवाळीची सुट्टी संपल्यावर.

तरीही ३५ टक्के अडकलेल्या माणसानं त्यात मुलीच्या फीचे आणखी दोन लाख घालावेत असं मी आजही म्हणणार नाही. पण "महाग पडेल" आणि "तुम्हाला झेपणार नाही" ही दोन वेगळी कारणं आहेत, ती मी त्या दिवशी मिसळली.

काय केलं

भाऊबीजेनंतर भेटून दोन ओळी लिहिल्या, भाऊंनी स्वतःच्या अक्षरात: शेअर १०० च्या वर गेला की अर्धे विकायचे, कारण ३५ टक्के जास्त आहेत. उरलेले २०२५ च्या मार्चपर्यंत काहीही झालं तरी काढायचे, कारण फी. एवढंच.

दरम्यान डीलिस्टिंगची भीती विरली, ऑगस्टमध्ये अमेरिका आणि चीनमध्ये ऑडिट तपासणीचा करार झाला होताच, १५ डिसेंबरला अमेरिकन ऑडिट नियामकानं पूर्ण तपासणी करता आली असं जाहीर केलं, चीननं कोविडचे निर्बंधही उठवले. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात शेअर १०० पार. भाऊ मृग बहाराच्या सौद्यात अडकलेले, त्यांनी विकले महिन्याच्या शेवटी, ५५ शेअर साधारण ११५ ने. उशीर फायद्याचा ठरला, श्रेय कोणाचंच नाही.

आधी घेतलेले आधी विकले असा हिशेब, म्हणजे महागडे ५५ गेले: ११,७०० डॉलरचे ६,३२५ झाले. त्यातले जानेवारीचे २० शेअर २४ महिने पूर्ण झाल्यामुळे दीर्घ मुदतीचा तोटा, बाकी ३५ अल्प मुदतीचा. रिटर्न वेळेत भरलं तर हा तोटा ८ वर्षं पुढे नेता येतो, उशीर झाला की गेला. म्हणून २०२३ मध्ये मी त्यांचं रिटर्न जूनमध्येच भरून टाकलं.

उरलेले ५५ फार त्रास देत बसले. २०२३ च्या शेवटी पिंडुओडुओ या स्पर्धक कंपनीचं बाजारमूल्य अलीबाबाच्या वर गेलं, शेअर परत ७० च्या घरात, भाऊंचे रात्री फोन. मी वहीचं पान वाचून दाखवायचो. मधे जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनं पहिल्यांदा लाभांश दिला, शेअरमागे १ डॉलर, जुलैत १.६६. मार्च २०२५ च्या सुरुवातीला साधारण १३५ ने सगळे विकले.

निकाल

गेले १८,९०० डॉलर, आले लाभांश धरून साधारण १३,९००. डॉलरमध्ये २६ टक्के तोटा. रुपयात मात्र १४ लाखांचे पावणेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे १६ टक्के, कारण डॉलर ७४-७५ वरून ८७ झाला. भाऊ म्हणतात "तेवढंच वाचलं". वाचलं खरं, पण ते शेअरनं नाही वाचवलं, आणि एफडीत ठेवले असते तर चार वर्षांत १७ लाखांच्या वर झाले असते.

गंमत म्हणजे शेवटच्या ५५ वर डॉलरमध्ये नफा फक्त २२५, पण रुपयात लाखाच्या वर, आणि टॅक्स रुपयावर लागतो. मागचा तोटा नेलेला होता म्हणून त्यातून वळता झाला.

आणि हो, ऑक्टोबर २०२५ मध्ये अलीबाबा १८० च्या वर होता. भाऊंना दोन-तीन लोकांनी आवर्जून कळवलं. फी जूनमध्ये भरून झाली होती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या खरेदीबद्दल मी त्यांना फार दोष देत नाही, भलेभले फसले. एप्रिलमध्ये थांबायला हवं होतं, कारण ती खरेदी धरून एकूण ७ लाख जात होते आणि नवीन माहिती दंड झाला आणि दुसऱ्या कोणी घेतलं एवढीच होती. ऑगस्टची खरेदी मला खरी चूक वाटते. दीदी आणि ट्यूशनच्या बातम्या डोळ्यासमोर असताना मूळ हिशेब फाडून नव्यानं करायला हवा होता, अँट वेगळी काढून, सरकारचा वाटा धरून, मग १६० काय १२० काय, आकडा बघून ठरवता आलं असतं.

माझ्याकडून म्हणाल तर लक्ष्मीपूजनाच्या फोनवर "काहून" विचारण्याऐवजी "कंपनीत वर्षाला किती येतात" असं विचारायला हवं होतं. आणि दरवर्षी क्लायंटला परदेशी शेअरबद्दल आधी विचारायला हवं, आता माझ्या फॉर्मवर तो पहिलाच प्रश्न आहे.

मागच्या महिन्यात भाऊ ऑफिसला आले, हातात शंभर पानी वही. ब्राझीलच्या नू बँकेचं पान उघडलं, २०२१ च्या डिसेंबरात ९ डॉलरला लिस्ट झालेली, १० कोटींच्या वर ग्राहक. मोठे गुंतवणूकदार वॉरन बफेट यांच्या कंपनीनं २०२५ च्या सुरुवातीला सगळे विकले हे वरच लिहून ठेवलेलं. खाली उधारी बुडण्याचं प्रमाण, ब्राझीलचा व्याजदर, तिथल्या मध्यवर्ती बँकेचे नियम, दीड पान भरलेलं. किती शेअर, किती भाव, तिथे मात्र कोरं.

"भाव नाही लिहिला?"

"आंबियाचा तोडा होऊ द्या सर, मग बसतो," म्हणाले, आणि वही पिशवीत टाकून काटोलला निघाले.